उसन्या गाडीचा छुपा खर्च

वाचकहो, मागील लेखात आपण बँक खात्यावरील वारसाच्या नोंदीचा विचार केला होता. त्यावर काही वाचकांनी विचारले की, एकदा गाडीच्या विम्याविषयीही लिहा. हा विषय माझ्या मनात होताच, पण लिहायला संकोच वाटत होता. कारण या बाबतीत चूक माझ्याच हातून झालेली आहे. आयुष्यभर कारकुनी केली, दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका काढल्या आणि घरच्या हिशेबात मात्र मीच फसलो. तीच हकिकत आज आपल्यापुढे ठेवतो.

आमचे हिवरा आश्रम मेहकर तालुक्यातले. विवेकानंद आश्रमामुळे जिल्ह्याबाहेरही त्याचे नाव आहे. खेड्यापाड्यात अजून घरटी गाडी आलेली नाही. भावकीत, नात्यात एखाद्याकडे चारचाकी असते आणि ती सर्वांची असते. मुलगी पाहायला जायचे असो, आजारी माणसाला बुलडाण्याला किंवा अकोल्याला न्यायचे असो, आपण सहज म्हणतो, "भाऊ, दोन दिवस गाडी द्या, डिझेल टाकून देतो." मागणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही आणि देणाराही नाही म्हणत नाही. ही चांगली चाल आहे. ती मोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु उसन्या गाडीचा खर्च डिझेलवर संपत नाही, हे मला फार उशिरा कळले.

रोही आडवा आला

२०२३ च्या दसऱ्याला दीक्षाभूमीला जाण्यासाठी मी माझ्या साडूभाऊंची मोटार मागून घेतली. माझ्याकडे रीतसर परवाना आहे. गाडीचा विमा चालू होता आणि तोही पूर्ण, म्हणजे गाडीच्या नुकसानीसह. नागपूरहून परतताना समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत सुखरूप आलो. महामार्ग सोडून गावाच्या वाटेला लागलो आणि शेतातून एकाएकी रोही आडवा आला. ब्रेक लावेपर्यंत धडक बसली. पुढचा बंपर, एक दिवा, बॉनेट, रेडिएटर आणि समोरची काच गेली. पत्नी शेजारी बसली होती, मागे दोन्ही मुले. कोणाला खरचटलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी साडूभाऊंकडे मान खाली घालून गेलो. ते म्हणाले, "अहो, गाडी दुरुस्त होते. माणसं सुखरूप आलीत, हे काय कमी झालं? आणि विमा कशासाठी काढलाय?"

विमा कशासाठी काढलाय! या एका वाक्यावर आम्ही दोघेही निर्धास्त झालो. इथेच चूक झाली.

बिल आणि भरपाई

दुरुस्तीचे बिल करासह ३७,००० रुपये झाले. मला वाटले, कंपनी हजारभर रुपये कापून बाकी देईल. हाती आले २४,९५० रुपये. उरलेले १२,०५० कोठे गेले? मी कागद घेऊन बसलो, तेव्हा खुलासा झाला.

गाडीचा प्रत्येक भाग जुना होत असतो. जुन्याच्या जागी नवा भाग बसवला की कंपनी घसारा कापते. वाणिज्य शाखेच्या मुलांना घसारा शिकवावा लागत नाही, पण मी स्वतःच तो विसरलो होतो. प्रचलित पद्धतीप्रमाणे प्लास्टिक, रबर, बॅटरी यांवर निम्मी रक्कम कापली जाते. काचेवर काही कापत नाहीत. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ती ३५ टक्के आहे, पाच वर्षांनंतर ४० टक्के आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के. साडूभाऊंची गाडी साडेचार वर्षांची होती. हिशेब असा झाला :

बंपर ६,००० – मिळाले ३,०००.
दिवा ५,००० – मिळाले २,५००.
बॉनेट ८,००० – मिळाले ५,२००.
रेडिएटर ५,००० – मिळाले ३,२५०.
समोरची काच ७,००० – मिळाले ७,०००.
मजुरी ५,००० – मिळाले ५,०००.
कुलंट, किरकोळ सामान १,००० – काही नाही.

बेरीज २५,९५०. त्यातून सक्तीची वजावट १,००० रुपये. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक दाव्यात एवढी रक्कम मालकाने सोसायचीच असते. त्याहून मोठ्या इंजिनाला ती २,००० आहे. घसारा कापला जाऊ नये म्हणून जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घेता येते. त्याला बाजारात 'झिरो डेप' म्हणतात. ते साडूभाऊंनी घेतले नव्हते.

१२,०५० रुपये मी त्याच आठवड्यात साडूभाऊंच्या हाती दिले. ते घेत नव्हते, मी खिशात घातले. नाते स्वच्छ राहिले या समाधानात मी घरी आलो.

कधी न दाखवलेला खर्च

पुढच्या मार्चमध्ये कशाच्या तरी निमित्ताने साडूभाऊंकडे गेलो. टेबलावर विम्याच्या नूतनीकरणाचा कागद होता. सवयीने हातात घेतला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यापुढे सवलतीचा रकाना असतो. आदल्या वर्षी त्यात ४५ टक्के होते. आता शून्य.

याला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. वर्षभर दावा केला नाही तर पुढील वर्षी २० टक्के सवलत, मग सलग दुसऱ्या वर्षी २५, तिसऱ्या वर्षी ३५, चौथ्या वर्षी ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. एक दावा केला की ही शिडी मोडते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. गाडी कोण चालवत होते, चूक कोणाची होती, याच्याशी कंपनीला कर्तव्य नाही. दावा गाडीवर झाला, सवलत मालकाची गेली.

साडूभाऊंचा हा हप्ता सवलतीशिवाय ८,००० रुपये धरू. दावा झाला नसता तर ५० टक्के सवलतीने त्यांना ४,००० भरावे लागले असते. आता पहिल्या वर्षी ४,००० जादा, दुसऱ्या वर्षी २,४००, तिसऱ्या वर्षी २,०००, चौथ्या वर्षी १,२०० आणि पाचव्या वर्षी ४०० जादा. एकूण १०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० रुपये. गाडी जुनी होईल तसा मूळ हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल. पण अंदाज यावा म्हणून हा हिशेब पुरेसा आहे.

म्हणजे मी १२,०५० देऊन मोकळा झालो असे समजत होतो आणि जवळपास तेवढेच ओझे माझ्यामुळे त्या माणसाच्या डोक्यावर पाच वर्षांसाठी बसले होते. त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवले नव्हते. मेहुणीला ठाऊक होते. पत्नीलाही तिच्याकडून कळले होते, फक्त मला सांगायचे धाडस कोणी केले नव्हते. आता मागच्या दिवाळीत पत्नीने गाडीचा विषय निघताच "एसटीने जाऊ" असे का म्हटले, ते माझ्या लक्षात आले.

मी तिथेच कागदावर हिशेब मांडला आणि ११,८०० देतो म्हणालो. साडूभाऊ रागावले. शेवटी पहिल्या वर्षाचे ४,७२० त्यांनी घेतले आणि म्हणाले, "बाकीचं राहू द्या. तुम्ही हिशेब मांडला, तिथंच फिटलं." फिटले की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

यातून एक गोष्ट शिकलो. नुकसान लहान असेल तर दावा करण्यापूर्वी आधी बेरीज-वजाबाकी करावी. घसारा आणि वजावट जाऊन कंपनीकडून समजा ६,००० रुपये मिळणार आणि त्यापायी सवलतीचे ११,८०० जाणार असतील, तर दावा न करता दुरुस्तीचे पैसे गाडी नेणाऱ्याने भरावेत. दोन्ही घरांचे त्यात हित आहे.

गाडीला विमा, चालवणाऱ्याला नाही

हा झाला पैशाचा भाग. याहून गंभीर गोष्ट मला कागद वाचताना कळली आणि अंगावर काटा आला.

आपल्याकडे विमा माणसाबरोबर चालत नाही, गाडीबरोबर चालतो. इंग्लंडमध्ये काही पॉलिसींत स्वतःच्या विम्यावर दुसऱ्याची मोटार चालवण्याची सोय असते. तीसुद्धा केवळ समोरच्याच्या नुकसानीपुरती, चालवत असलेल्या गाडीच्या नुकसानीसाठी नाही. तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनी मित्राची गाडी हाती घेण्यापूर्वी आपल्या प्रमाणपत्रावर तसे लिहिले आहे का, ते पाहावे. आपल्या देशात रीत वेगळी आहे. मालकाच्या संमतीने आणि वैध परवान्यावर कोणीही गाडी चालवली, तरी त्या गाडीचा विमा लागू होतो. रस्त्यावरील माणूस दगावला किंवा जखमी झाला तर त्याची भरपाई त्या गाडीच्या विमा कंपनीने द्यायची असते आणि तिला रकमेची मर्यादा नसते. कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर मोटारीच्या बाबतीत साडेसात लाखांपर्यंत.

मात्र चालवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाचे काय? २०१८ पासून पॉलिसीत १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचे झाले आहे. त्याचे नाव नीट वाचा, 'मालक-चालक'. म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे आणि जो परवानाधारक आहे, तोच. गाडी मागून नेणाऱ्याला ते १५ लाख लागू नाहीत. सर्वोच्च न्यायालयात २००९ साली कर्नाटकातील एका कुटुंबाचे प्रकरण निकाली निघाले. घरचा कर्ता माणूस दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन गेला होता. पुढच्या बैलगाडीवर आदळून तो मरण पावला. मागून नेलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या तत्कालीन कलम १६३-अ खाली त्याच्या कुटुंबाला दावा करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. २०२० मध्येही न्यायालयाने हेच तत्त्व लावले. समोरच्या गाडीची चूक असेल तर तिच्या मालकावर आणि विमा कंपनीवर दावा करता येतो. पण समोर रोही असेल तर?

त्या रात्री तो रोही काचेतून आत आला असता, तर साडूभाऊंच्या पॉलिसीतील त्या १५ लाखांतले एक पैही माझ्या पत्नीला मिळाली नसती. मी तो कागद दोनदा वाचला आणि बराच वेळ गप्प बसलो.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. गाडी कोणाची, हे तेथे विचारत नाहीत. दोन लाख फार नव्हेत, पण २० रुपयांत आणखी काय मिळते? ज्यांना शक्य आहे त्यांनी स्वतःच्या नावे मोठ्या रकमेची वैयक्तिक अपघात पॉलिसी काढावी. आपल्या महिला मंडळांनी आणि तरुणांनी घरोघरी जाऊन एवढे एक काम केले, तरी पुष्कळ होईल.

येथे दुसऱ्या बाजूने एक बचतही सांगतो. घरात मोटार आणि मोटारसायकल अशी दोन्ही एकाच्याच नावावर असतील, तर 'मालक-चालक' संरक्षणाचा हप्ता दोनदा भरण्याचे कारण नाही. १ जानेवारी २०१९ पासून ते स्वतंत्रपणे घेता येते आणि एकच संरक्षण त्या माणसाच्या सर्व गाड्यांना चालते. दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत तो हप्ता पुन्हा लावला असेल, तर एजंटाला सांगून काढून टाका. मी माझ्या शेजाऱ्यांचा असाच दुहेरी हप्ता काढून दिला.

किल्ली घेताना आणि देताना

आता थोडक्यात काही सूचना करतो. कापून ठेवा, उपयोगी पडतील.

१) किल्ली हाती घेण्यापूर्वी विम्याची तारीख पाहा. विमा नसलेली गाडी चालवणाराही दोषी ठरतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंड हा लहान भाग झाला. अपघात झाला तर पूर्ण भरपाई घरदार विकून द्यावी लागेल.

२) पॉलिसी पूर्ण आहे की केवळ 'थर्ड पार्टी', हे विचारा. केवळ थर्ड पार्टी असेल तर गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळणार नाही. मोटारसायकलच्या मागे बसलेला माणूसही अशा पॉलिसीत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले आहे. आपल्याकडे पुष्कळ मोटारसायकलींना एवढाच विमा असतो आणि मागे बसलेली बहुधा घरची बाई किंवा लेकरू असते.

३) परवाना त्याच प्रकारच्या गाडीचा आणि मुदतीतला हवा. परवाना नाही हे ठाऊक असून मालकाने गाडी दिली, तर कंपनी आधी अपघातग्रस्ताला पैसे देते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे. आपल्या चालक बांधवांनी हे लक्षात ठेवावे. या कारणावरून कोणी दावा फेटाळत असेल तर गप्प बसू नये.

४) अल्पवयीन मुलाला गाडी देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. त्याच्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणीही वर्षभर रद्द होते.

५) पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नका आणि देऊ नका. लग्नसराईत हे सर्रास चालते. खाजगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला चालत नाही. नात्यात गाडी घेऊन डिझेल भरून देणे वेगळे आणि किलोमीटरमागे दर ठरवून पैसे मोजणे वेगळे. अशा वेळी अपघात झाला तर कंपनी हात वर करते आणि दोन कुटुंबे एकमेकांविरुद्ध कोर्टात उभी राहतात.

६) जुनी गाडी विकत घेतली की ती लगेच नावावर करा आणि विमा कंपनीला १४ दिवसांच्या आत कळवा. विकणाऱ्यानेही पाठपुरावा करावा. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. केवळ शंभर रुपयांच्या स्टँपवर व्यवहार करून गाडी फिरवणारे आपल्या भागात थोडे नाहीत.

७) गाडी नेताना तोंडी का होईना, पण स्पष्ट ठरवा की वजावट, घसारा आणि बुडालेली सवलत या तिन्हींचा भार गाडी नेणारा उचलेल. आधी बोलायला अवघड वाटते हे खरे. मागाहून बोलणे त्याहून अवघड असते, हे मी अनुभवाने सांगतो.

कंपनीने दावा अन्यायाने नाकारला किंवा कमी रक्कम दिली, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. तेथे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. अपघातात माणूस गेला किंवा जायबंदी झाला असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. सुतक, दुःख, नातेवाइकांची समजूत यात दिवस निघून जातात. कोणीतरी जाणत्याने पुढे होऊन कागद जमा केले पाहिजेत.

गेल्या महिन्यात माझा भाचा मोटारसायकल मागायला आला. पूर्वी मी खिशातून किल्ली काढून फेकली असती. या वेळी त्याला बसवले, परवाना मागितला, विम्याचा कागद दाखवला आणि २० रुपयांच्या योजनेत नाव आहे का, ते विचारले. तो हसून म्हणाला, "मामा, गाडी द्यायची नसेल तर सरळ सांगा ना." मी म्हटले, "द्यायची आहे, म्हणूनच विचारतोय."

त्याचे नाव योजनेत नव्हते. आधी बँकेत जाऊन अर्ज भरून ये, मग किल्ली घे, असे सांगितले. तो गेला आणि दुपारी पावती घेऊन आला.

पुढील लेखात गावातील पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहताना काय पाहावे, याचा विचार करू. आपल्या शंका या पानाच्या पत्त्यावर अवश्य कळवाव्यात.